बारा व्होल्टचं स्नूकर

लॅपविंग बोट, ऑडलेमच्या वर
६ ऑक्टोबर १९९६

हेस्टर आत्या,

पोचलो एकदाचा. तुझी बोट अजून पाण्यावर तरंगते आहे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही तू वाचणार नाहीस. पण हिला बोट का म्हणायचं ते मला कळलं नाही. कुणीतरी आगगाडीचा डबा दोन्ही बाजूंनी दाबून लांबट केला आणि लाजेखातर कालव्यात सोडून दिला, असं दिसतं. मी आत सरळ उभा राहिलो की डोकं छताला लागतं. झोपलो की पाय शेगडीला.

तू लॉकच्या, म्हणजे बोटी चढवा-उतरवायच्या त्या हौदाच्या, दारावरून घसरून खुबा मोडून घेतलास, म्हणून बाबांनी मला इथे धाडलं. 'तसाही कुठे ना कुठे भटकतच असतोस, तर आत्याच्या बोटीवर भटक,' म्हणाले. गंमत म्हणजे आल्यापासून बोट जागची हललेली नाही. समोर एक बगळा उभा असतो. तोही हलत नाही. दोन तास मी त्याच्याकडे बघत होतो, म्हटलं आधी कोण हलतंय बघू. मी हरलो. भूक लागली.

बरं, मुद्दा टीव्हीचा. तो कोपऱ्यातला पावाचा डबा म्हणजे टीव्ही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बारा व्होल्टचा, काळापांढरा, आणि आत बारा महिने बर्फ, नुसते पांढरे ठिपके! बातम्या सांगणारा बर्फात उभा, तो ज्या आगीबद्दल सांगतोय तीही बर्फात. आत्या, माणसं चंद्रावर जाऊन आली. तू अजून दोन तारांचे चिमटे बॅटरीला लावून हे बघत बसतेस?

शेजारच्या बोटीतल्या एनॉककडेही असलाच डबा आहे. मी त्याला म्हटलं, "काका, संग्रहालयवाले कधी नेणार हा?" तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. बरंच झालं.

लिंडन


लाइमवुड होम, नॅन्टविच
९ ऑक्टोबर

लिंडन,

तुझं अक्षर तुझ्या बापासारखं आहे, म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. इथला फोन व्हरांड्यात आहे आणि तिथे रोज आठ म्हाताऱ्या कान लावून बसलेल्या असतात, म्हणून ही पत्रं. नाहीतर तुझ्यासाठी तिकिटं चिकटवायची मला हौस नाही.

बर्फ पडत असेल तर छपरावरची अँटेना जरा चर्चच्या मनोऱ्याकडे वळव. यात चंद्रावर जाण्यासारखं काही नाही. त्या डब्यावर मी अकरा वर्षं स्नूकर बघते आहे. प्रत्येक रंगाच्या चेंडूची करडी छटा मला पाठ आहे. आवाज बंद ठेवायचा, म्हणजे समालोचकांची बडबड नको आणि बॅटरीही वाचते. गुण मी मनात मोजते. तिथले पंच अधूनमधून एका गुणाने चुकतात, पण त्यांना कोण सांगणार!

आता कान उघडून वाच. इंजिनाशेजारी लाल मूठ आहे. तिला तीन खुणा. एक म्हणजे इंजिन सुरू करायची बॅटरी. दोन म्हणजे घरातली, दिव्यांची आणि टीव्हीची. तिसरी खूण 'दोन्ही'. 'दोन्ही'वर फक्त इंजिन चालू असताना, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या भरतात. इंजिन बंद केलंस की आधी मूठ दोनवर, मग तुझा चहा. समजलं? संध्याकाळी आठनंतर इंजिन लावायचं नाही, काठावरची माणसं झोपतात.

आणि हे महत्त्वाचं. ४ नोव्हेंबरला, सोमवारी, ऑडलेमची लॉक्स दुरुस्तीला बंद होतात, ती नाताळ तोंडावर येईतो उघडत नाहीत. त्याआधी बोट ते सगळे हौद उतरून खाली नॅन्टविचला आली पाहिजे. सहा तारखेला माझा ऑब्री नर्सला घेऊन बोट बघायला येणार आहे. नर्सला पटलं की मी एकटी तिथे राहू शकते, तर मी घरी जाते. बोट समोर नसेल तर बघायला काही नाही, आणि ऑब्रीने गिऱ्हाईक तयार ठेवलं आहे. पोटचा मुलगा, पण विचार सगळे दलालाचे.

तेव्हा बगळे मोजत बसू नकोस.

हेस्टर


लॅपविंग
१४ ऑक्टोबर

आत्या,

एवढं चिडायला काय झालं? अजून तीन आठवडे आहेत. दोन दिवसांचं काम.

मी मार्केट ड्रेटनला बूट घ्यायला गेलो होतो. बूट घेतले नाहीत. एका वारलेल्या माणसाच्या घरातलं सामान रस्त्यावर मांडून विकत होते, तिथे थांबलो. आधी भरलेलं घुबड घेणार होतो, फार सुंदर होतं, एक डोळा नव्हता. पण मग टीव्ही दिसला. रंगीत! एकवीस इंची, लाकडी पेटीतला, चांगला घरात ठेवायचा. विकणाऱ्या बाईने वर एक जुनी बाबागाडीही दिली, त्यात घालून कालव्याच्या काठाने ढकलत आणला. एक बाई आत डोकावली, "बाळ कुणावर गेलंय?" मी म्हटलं, "आत्यावर. चौकोनी आणि जड."

आत आणताना दारात अडकला. दार काढलं. दार परत बसत नाहीये, पण थंडी अजून तेवढी नाही.

तर या टीव्हीला घरातली वीज लागते, आणि तुझ्याकडे बारा व्होल्ट. त्यासाठी एक इन्व्हर्टर घेतला. चपलेच्या खोक्याएवढा. एका बाजूने बॅटरी जोडायची, दुसऱ्या बाजूने घरातल्यासारखी वीज. एनॉक काठावर उभा राहून हे सगळं बघत होता. शेवटी त्याचं मौन सुटलं.

"काय रे, कपाट आणलंस?"

"टीव्ही आहे. रंगीत."

"टीव्ही नाही तो, जळू आहे. बॅटरी पिऊन फुगेल."

"तुमच्या डब्याला तर बॅटरी उपास घडवते."

तो आत गेला आणि पडदा ओढला. म्हातारे लोक किती लवकर दुखावतात!

लिंडन


लाइमवुड होम
१८ ऑक्टोबर

लिंडन,

दार बसव. आज. हे पत्र खाली ठेव आणि बसव.

घरातला टीव्ही बोटीच्या बॅटरीवर चालवणं म्हणजे पळीने हंडा भरणं. माझा डबा जेवढं दिवसभरात खातो, तेवढं तुझं ते कपाट एका कार्यक्रमात गिळेल, आणि चपलेचं खोकं मधल्यामध्ये आपला वाटा मारेल तो वेगळाच. एनॉक गाढव आहे, पण बॅटरीच्या बाबतीत गाढव नाही. त्याच्याशी नीट वाग. तुला त्याची गरज पडणार आहे, मी आत्ताच सांगते.

इथल्या बैठकीच्या खोलीत असलंच एक धूड आहे, सकाळपासून भोकाडत असतं. समोर वीस माणसं तोंडं उघडी टाकून बसतात. त्यातली बारा झोपलेली असतात, पण बंद केलं की बाराही जागी होऊन ओरडतात. परवा स्नूकर लागलं होतं. नाइलाजाने बघितलं, खुर्ची तिकडेच तोंड करून ठेवली होती. इतका भडक खेळ मी जन्मात पाहिला नाही. टेबल कोबीसारखं हिरवं. वर टीव्ही बिघडलेला, तपकिरी चेंडू हिरवा दाखवतो आणि हिरवा तपकिरी. मी त्या व्यवस्थापिकेला सांगितलं, दुरुस्त करून घ्या. ती गोड हसली. इथे सगळे गोड हसतात. मला माझ्या बोटीवर जायचं आहे.

काल परत बघितलं. अजून बिघडलेलाच आहे.

हेस्टर


लॅपविंग
२३ ऑक्टोबर

आत्या,

दार बसवलं. जवळजवळ.

आणि टीव्ही चालतो! तू आणि तुझा एनॉक, दोघांनी मला मूर्खात काढलं होतं ना? चित्र चौकटीपेक्षा थोडं लहान दिसतं, चारी बाजूंनी काळी पट्टी, आणि मधून एक आडवी रेघ जिना चढल्यासारखी वर जाते. पण रंगीत! काल स्नूकर लागलं होतं, तेही बघितलं. मला त्या खेळातलं काही कळत नाही, तरी शेवटपर्यंत बघितलं, म्हणून हे लिहितो.

तुझ्या होमातला टीव्ही बिघडलेला नाही. हिरवा हिरवाच आहे. तुझ्या डब्यावर तू अकरा वर्षं हिरव्याला तपकिरी समजत होतीस. आणि हिरव्याचे गुण तीन, तपकिरीचे चार. आता सांग, तुझे पंच एका गुणाने का चुकायचे?

बास, एवढं हसलो की बगळा उडाला. खरंच उडाला!

आता तू रोज त्या खुर्चीत जाऊन बसतेस हे मला कळलं. दोनदा बघितलंस आणि दोन्ही वेळा नाइलाज? मला वाटतं तुझा पाय तिथून निघेना. रंगासाठी होमात राहायची गरज नाही, रंग आता बोटीवर आला आहे, एवढंच सांगायचं होतं. मी कपाट उगाच नाही ढकलत आणलं. म्हणजे सुरुवातीला उगाचच आणलं होतं, पण आता नाही.

एक कटकट आहे. ते खोकं मधूनमधून टुईं टुईं ओरडतं, सापळ्यात सापडलेल्या उंदरासारखं. कशासाठी ते कळत नाही. त्यावर जाड मोजा चढवला, आता ऐकू येत नाही.

मूठ ठीक आहे.

लिंडन


लाइमवुड होम
२६ ऑक्टोबर

लिंडन,

'मूठ ठीक आहे' म्हणजे काय? मूठ आजारी होती का? ती कुठल्या खुणेवर आहे, ते लिही. आणि ते खोकं ओरडतं ते बॅटरी संपत आल्याचं सांगायला. तू त्याच्या तोंडात मोजा कोंबलास. शाबास. उद्या घराला आग लागली की घंटेवर उशी ठेव.

चेंडूंबद्दल तू जे लिहिलं आहेस ते मी वाचलेलं नाही.

ऑब्री येऊन गेला. सोबत एक जोडपं होतं, बोट घेऊ बघणारं. त्यांना तिच्यात चहाचं दुकान काढायचं आहे, छपरावर कुंड्या ठेवून. ती पोरगी मला विचारते, "आजी, बोटीत गरम पाणी चोवीस तास येतं का हो?" म्हटलं, "येतं, उन्हाळ्यात, कालव्यातून." तिला खरं वाटलं.

मग ऑब्री व्यवस्थापिकेला म्हणाला, माझ्यासमोर, जणू मी कपाटावरचं मांजर: "आई इथे किती रमली आहे बघा. टीव्हीसमोरून हलत नाही. बोटीवर काय आहे तिला? एक काळापांढरा डबा." आणि ती गोड हसली. म्हणजे आता माझ्याविरुद्ध पुरावा काय, तर स्नूकर. नर्सलाही तो हेच सांगणार आहे.

मी रंगासाठी कुठेही बसलेली नाही. मला माझ्या शेगडीजवळ बसायचं आहे, आणि खिडकीतून पाणी दिसायला हवं आहे. इथल्या खिडकीतून मोटारी दिसतात.

सोमवारी निघ. शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. तुला मी ओळखते.

हेस्टर


(कार्डावर)
३१ ऑक्टोबर

आत्या, इंजिन जरा रुसलं आहे. कळ दाबली की फक्त टिक्‌ म्हणतं. थंडीमुळे असेल. उद्या-परवा निघतोच. काळजी करू नकोस, मूठ मी आता दोनवर केली आहे. इथे एक मुंगूस दिसलं, किंवा तसंच काहीतरी लांब. लिंडन


लाइमवुड होम
१ नोव्हेंबर

'आता'?

म्हणजे इतके दिवस 'दोन्ही'वर होती. इंजिन बंद, मूठ दोन्हीवर, आणि तुझं कपाट इंजिनाची बॅटरीसुद्धा पिऊन बसलं. पोरा, तू माझं घर टीव्हीला पाजलंस.

तडक एनॉककडे जा. त्याच्याकडे बॅटरीला बॅटरी जोडायच्या तारा आहेत. तोंड उघड, टोपी काढ, माफी माग, काहीही कर. लॉक्स सोमवारी बंद होतात. त्या दिवशी बोट वर राहिली तर मी इथेच राहिले, आणि माझ्या शेगडीवर ती पोरगी केक भाजेल.

हेस्टर


लॅपविंग, नॅन्टविच
३ नोव्हेंबर, रविवार

आत्या,

वरचा पत्ता नीट वाच. नॅन्टविच.

हे पत्र तुमच्या दारावरच्या बाईकडे देतो आहे. चारनंतर पाहुण्यांना आत सोडत नाहीत म्हणाली, आणि माझ्या बुटांकडे बघून, 'चारच्या आधीही नाही,' असंही म्हणाली.

तुझं पत्र मला ऑडलेमच्या दुकानात मिळालं, पण काल संध्याकाळी. तोवर मी तेरा लॉक्स उतरवली होती. इंजिनाशिवाय. दोराने ओढून.

काय करणार? एनॉककडे जायचं माझ्या मनात शुक्रवारी दहा वेळा आलं. दोनदा त्याच्या बोटीपर्यंत गेलोही. पण त्याच्या डब्याला संग्रहालयात पाठवून झालं होतं, आता कुठल्या तोंडाने मागायचं? त्यापेक्षा ओढणं सोपं वाटलं. सोपं नव्हतं. तुझी ती बोट, बाहेरून कशी मवाळ दिसते! काठावर दोर खांद्याला लावून मी रेड्यासारखा वाकलो, आणि ती हलेचना. मग हलली. मग थांबेचना. पहिल्या लॉकच्या दारावर अशी धडकली की आतली कपबशी फुटली. निळी. सांगून टाकलेलं बरं.

एक लॉक म्हणजे: ओढत आत घे, दोर खुंट्याला गुंडाळ, धावत मागचं दार लाव, धावत पुढची झडप उघड, पाणी उतरेपर्यंत धापा टाक, दार ढकल, परत ओढ. की लगेच पुढचं लॉक हजर. असं कुणी बांधलं, आत्या? एका टेकडीला एवढ्या पायऱ्या?

तिसऱ्या लॉकपासून एनॉक काठाने चालायला लागला. दोन्ही हात खिशात. मधूनमधून माझ्यामागचं दार तो लावायचा, पण असा, की जणू वाऱ्याने लागलं. सातव्यावर म्हणाला, "कपाटही आतच आहे का?"

"आहे."

"मग त्याला म्हणावं, उतर, ढकल जरा."

तेराव्याला मी बसलोच. तळहातांची सालटं निघाली होती. दुकानातून तुझं पत्र आणलं, तिथेच काठावर वाचलं. तारांबद्दलची ओळ वाचून मी वर बघितलं.

"काका, तुमच्याकडे तारा आहेत?"

"आहेत की."

"सकाळपासून?"

"बावीस वर्षांपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस?"

आत्या, मी त्याला पाण्यात ढकलणार होतो, पण हात उचलवत नव्हते. तो चालत वर गेला आणि त्याच्या सायकलवर बॅटरी आणि तारा घेऊन आला. टिक्‌, टिक्‌, मग धडधड. शेवटची दोन लॉक्स आम्ही राजासारखी उतरलो. आज इथवर तो बरोबर आला, म्हणजे सुकाणू त्याच्याच हातात होतं. मला धरवत नव्हतं.

मी उद्या निघतो आहे. व्हिटबीला एका माशांच्या धुरवणखान्यात काम आहे म्हणतात, आणि मला समुद्र बघायचा आहे. सहा तारखेला मी इथे असलो तर ऑब्रीला काहीतरी बोलून बसेन आणि तुझं काम बिघडेल. एनॉक थांबतो आहे. शेगडी तो पेटवेल, इंजिन तो चालवेल. दार त्याने बसवलं. आता ते खरंच बसलं आहे.

कपाट मी काढणार होतो. तो म्हणाला, राहू दे.

लिंडन


लॅपविंग, नॅन्टविच
२४ नोव्हेंबर

लिंडन,

तुझं व्हिटबीचं कार्ड मिळालं. मासे धुरात टांगायचं काम तुला शोभतं. त्यांनाही कुठे जायचं नसतं.

मी माझ्या शेगडीजवळ बसून लिहिते आहे. खिडकीतून पाणी दिसतं. त्यात आत्ता एक बदक उलटं झालं आहे, नुसती शेपटी वर. होमातल्या कुणाच्याही चेहऱ्यापेक्षा मला ते आवडतं.

सहा तारखेचं सांगते. ऑब्री आला, कोट घालून. नर्स आली, जाडजूड, शहाणी बाई. पायऱ्यांवर धरायचा दांडा बघितला, शेगडी बघितली, मला दोनदा वर-खाली चालवलं. एनॉक मागे इंजिन चालवत उभा होता आणि तोंडाने शिट्टी वाजवत होता, जी त्याला येत नाही. नर्सचं समाधान होत आलं, तसं ऑब्रीने हुकमाचं पान टाकलं: "पण हिचं मन कसं रमणार? होममध्ये ही सगळा वेळ रंगीत टीव्हीवर स्नूकर बघते. इथे एवढासा डबा."

मी काठी लांब केली आणि तुझ्या कपाटाचं बटण दाबलं.

चित्र आलं. आखडलेलं, काळ्या चौकटीतलं, ती मेली रेघ वर चढत होती. पण टेबल कोबीसारखं हिरवं. नर्स म्हणाली, "अय्या, स्नूकर!" आणि बसलीच. चहा दोनदा झाला. अख्खा डाव बघितला तिने, आणि गुणही बरोबर मोजले. ऑब्री उभ्याउभ्या घड्याळ बघत होता, कारण बसायला जागा एकच उरली होती आणि तिच्यावर तुझी बाबागाडी होती. जाताना नर्सने कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण मी इथे आहे आणि ऑब्री तिकडे आहे.

तुझ्या खोक्यावरचा मोजा मी काढून ठेवला आहे. मूठ एनॉकने चामड्याच्या पट्ट्याने दोनवर बांधली आहे. इंजिन चालू असताना सोडायची, बंद केलं की बांधायची. तुझ्यासारखे लोक जगात आहेत हे कळल्यावर करावंच लागतं. निळी कपबशी मला आवडत नव्हती, पण तुला ते माहीत नव्हतं, तेव्हा अपराध तेवढाच मोठा.

कपाट इंजिन चालू असेपर्यंतच लावते, म्हणजे आठपर्यंत. आठला इंजिन बंद, कपाट बंद. डाव अर्धा राहिलेला असतो. मग डबा लावते आणि उरलेला डाव करड्यात बघते.

एक गोष्ट कळवायची राहिली. तुझं कपाटही होमातल्या टीव्हीसारखंच बिघडलेलं निघालं. हिरवा तपकिरीच्या जागी, तपकिरी हिरव्याच्या जागी. दोन वेगवेगळ्या टीव्हींत एकच बिघाड म्हणजे कमाल आहे. मी आता आठनंतर डब्यावर बघताना मनातल्या मनात तेवढी अदलाबदल करून घेते. आणि काय सांगू, पंच सुधारले आहेत. परवापासून एकदाही चुकले नाहीत.

वसंतात, थंडी ओसरली की बोट परत वर न्यायची आहे. एनॉकचे गुडघे गेले. दोर मी नवा, जाड घेतला आहे. हात बरे झाले असतील तर ये, आणि तोंड उघडून विचारायला शिकून ये.

हेस्टर